सॉना भिंतीआडून सुरू होतो

घरात सॉना बसवायचा म्हटले की चौकशी बहुधा लाकूड कोणते आणि खर्च किती इथूनच सुरू होते. मग कोणीतरी फोटो दाखवते: काचेचे दार, बाकाखालचा मंद दिवा, हीटरवर नीट रचलेले दगड. निर्णय त्या फोटोवर होऊन जातो. पण हा सॉना वर्षानुवर्षे वापरात राहणार की दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यामागची भिंत काळी पडणार, हे फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी ठरवतात. मीटरपासून आलेली वायर, लाकडी पट्ट्यांमागचा ॲल्युमिनियमचा पडदा, हवेची येण्याजाण्याची वाट, पाण्याचा उतार. पैसा आणि लक्ष यांचा मोठा वाटा या अदृश्य कामाला दिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सॉना फिनलंडमधून महाराष्ट्रातल्या फ्लॅटमध्ये आणताना या कामाचे काय होते, ते पुढे पाहू.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आणि तिथल्या सॉनांची संख्या ३० लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. म्हणजे माणशी नव्हे, पण जवळजवळ घरटी एक. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सॉना परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जुना सॉना अंगणात किंवा तळ्याकाठी, मुख्य घरापासून दूर असे. धुराच्या सॉनाला धुराडे नसे. लाकडे जळून जायची, धूर बाहेर काढायचा आणि मग तापलेल्या दगडांच्या उबेत बसायचे. आग घरापासून लांब ठेवणे हाच त्या रचनेतला शहाणपणा होता. विजेवर चालणारे हीटर विसाव्या शतकात आले आणि सॉना घरात शिरला. शहरांतल्या इमारतींमध्ये आधी सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक सॉना असे. प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातला एक ठरलेला तास. १९८० च्या दशकापासून लहान फ्लॅटमध्येही स्वतंत्र सॉना देण्याची पद्धत रुळली.

त्या फ्लॅटचा नकाशा पाहिला की सॉना घरात कुठे असावा याचे निम्मे उत्तर मिळते. सॉना कधी बेडरूमच्या कोपऱ्यात किंवा दिवाणखान्यालगत नसतो. तो बाथरूमला लागून असतो, आणि त्यात बाथरूममधूनच जायचे. न्हाणीची फरशी आणि तिचा उतार तसाच आत जातो, न्हाणीचा एक्झॉस्ट सॉनाचीही हवा ओढतो, बाहेर पडले की समोर शॉवर. आपल्याकडे घरात रिकामी खोली आहे म्हणून तिथे सॉना ठेवावा, असा विचार होतो. खोली मोठी असण्यापेक्षा बाथरूमची भिंत जवळ असणे कितीतरी महत्त्वाचे आहे.

आधी एक घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे जिममध्ये आणि क्लबहाउसमध्ये सॉना आणि स्टीम ही जोडी एका दमात उच्चारली जाते, आणि हल्ली तिसरा प्रकार इन्फ्रारेड केबिनचा. तिघांसाठी घराची तयारी पूर्ण वेगळी आहे. फिनिश सॉनात डोक्याच्या उंचीवर ८० ते १०० अंश सेल्सिअस तापमान असते, हवा एरवी कोरडी असते आणि दगडांवर पाणी टाकल्यावर काही क्षण वाफेची लाट येते. खोली लाकडाची, कारण इतक्या उष्णतेत टाइलला टेकता येत नाही. स्टीम रूममध्ये तापमान ४०-४५ अंशच असते, पण हवा बाष्पाने संपृक्त. तिथे लाकूड टिकत नाही. भिंती, छत, बाक सगळे टाइलचे लागते, आणि छताला उतार द्यावा लागतो, नाहीतर गरम थेंब अंगावर पडतात. इन्फ्रारेड केबिनमध्ये पॅनेल थेट शरीर तापवतात, हवा ४० ते ६० अंशांच्या आसपास राहते, पाणी टाकायचे नसते. ती बहुतेक वेळा दोनएक किलोवॉटमध्ये भागते. बाष्प नाही, म्हणून पडदा आणि निचरा यांची कटकट जवळपास नाही. ज्यांच्याकडे फक्त बेडरूमचा कोपरा आणि गीझरसारखा एक पॉवर पॉइंट आहे त्यांनी इन्फ्रारेडचाच विचार करावा. मात्र तो फिनिश सॉनाचा अनुभव नव्हे, हे विकणाऱ्याने सांगितले नाही तरी घेणाऱ्याला माहीत असावे. इथून पुढे मी दगड आणि पाण्याच्या सॉनाबद्दलच बोलतो.

वीज

हीटर केवढा घ्यायचा, याचा साधा हिशेब असा: दर घनमीटर जागेला सुमारे एक किलोवॉट. दोघा-तिघांसाठी दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, २.१ मीटर उंच खोली घेतली तर ती पावणेपाच घनमीटर भरते. पाच-सहा किलोवॉटचा हीटर पुरतो. पण भिंत उघड्या विटेची, टाइलची किंवा काचेची असेल तर ती उष्णता पिऊन टाकते. म्हणून अशा प्रत्येक चौरस मीटरमागे हिशेबात १.२ घनमीटर वाढवायचे असतात. आता त्याच खोलीची समोरची बाजू पूर्ण काचेची करा. तीन चौरस मीटर काच, म्हणजे हिशेबात साडेतीन घनमीटरांहून जास्त भर. खोली तेवढीच राहिली, पण हीटर आठ-नऊ किलोवॉटचा झाला. फोटोतल्या त्या काचेची खरी किंमत काचवाल्याच्या बिलात नसते, ती वीजजोडणीत असते.

सहा किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे २६ अँपिअर खेचतो. घरातला साठवणीचा गीझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे तीन गीझर एकाच वेळी, तासभर. हा भार १६ अँपिअरच्या सॉकेटवर कधीही टाकू नये. त्याला डीबीपासून, म्हणजे घरातल्या वितरण पेटीपासून, स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि पुरेशी जाड तांब्याची वायर लागते. साधारण सहा चौरस मिलिमीटर, पण अंतर आणि वायर कशातून नेली आहे हे पाहून इलेक्ट्रिशियननेच नक्की करायचे. नऊ किलोवॉटचा हीटर थ्री-फेजवर विभागला तर प्रत्येक फेजवर १३ अँपिअरच येतात, म्हणून मोठे हीटर बहुधा थ्री-फेजचे असतात. त्यामुळे पहिले काम म्हणजे वीजबिल हातात घेऊन मंजूर भार वाचणे. दोन एसी, गीझर, इंडक्शन आणि सॉना मिळून तो ओलांडत असेल तर भारवाढीचा अर्ज आधी, सुतार नंतर. जुन्या इमारतीत घरातली वायर बदलून भागत नाही, खालच्या मीटररूमपासून वर येणारी मुख्य वायरही तपासावी लागते.

आणखी दोन बारकावे मराठी घरांसाठी मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गावाकडच्या बंगल्यात संध्याकाळी व्होल्टेज २०० वर उतरत असेल तर सहा किलोवॉटचा हीटर साडेचारच किलोवॉट देतो. सॉना तापत नाही, आणि दोष हीटरला दिला जातो. दुसरा बारकावा आरसीसीबीचा, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा. हीटरच्या कॉइलमध्ये भरलेली पूड गोदामात पडून राहिली की दमट हवेतले पाणी शोषते आणि पहिल्यांदा सुरू करताच आरसीसीबी पडतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या हीटरचेही तसेच होते. यावर उपाय म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे कारागीर भेटतात. त्यांना तिथेच थांबवावे. उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने कॉइल सुकवता येते, आणि अर्थिंग मोजून घेता येते. ओल्या अंगाने, अनवाणी बसायच्या खोलीत ही साखळी तोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

हीटरपर्यंतचा शेवटचा तुकडा साध्या पीव्हीसी वायरचा नसावा. उष्णतेने पीव्हीसी कडक होऊन तडकते, म्हणून तिथे उष्णता सहन करणारी रबराची किंवा सिलिकॉनची वायर वापरतात. दिव्यांचे ड्रायव्हर, स्विच, सॉकेट खोलीबाहेर. टायमर मात्र हवाच. फिनलंडमध्ये सॉनातल्या आगींचे एक जुने, ओळखीचे कारण म्हणजे आत वाळत घातलेले कपडे आणि चुकून सुरू झालेला हीटर. आपल्याकडे पावसाळ्यात कपडे वाळवायला कोरडी, उबदार खोली सापडली तर मोह होणारच. तो घरातल्या प्रत्येकाने, कामाला येणाऱ्या ताईंनीही, पूर्ण टाळायचा.

खर्चाचे म्हणाल तर सहा किलोवॉटचा हीटर खोली तापवायला अर्धा-पाऊण तास पूर्ण शक्तीने चालतो, नंतर चालू-बंद होत राहतो. एका संध्याकाळी सहा ते आठ युनिट. आठवड्यातून दोनदा धरले तर महिन्याला ५० ते ७० युनिट. ती बिलात सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने मोजावीत, कारण ती तिथेच वाढतात.

भिंत आणि बाष्प

एक लिटर पाण्याची शंभर अंशांवर सुमारे १,७०० लिटर वाफ होते. दगडांवर ओतलेल्या २०० मिलिलिटरच्या एका पळीतून सव्वातीनशे लिटरांहून अधिक वाफ पावणेपाच हजार लिटरांच्या खोलीत एका क्षणात पसरते. ती फटीफटीतून बाहेर जायला बघते आणि पहिल्या थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. तो पृष्ठभाग भिंतीच्या आत असेल तर तिथे बुरशी आणि कूज सुरू होते, आणि ती दिसायला लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून थरांचा क्रम बदलायचा नाही. मूळ भिंत, तिच्यापासून थोडी मोकळी जागा, लाकडी सांगाडा, त्यात ५० ते १०० मिलिमीटर रॉकवूल, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू सॉनाच्या आत. फॉइलवर उभ्या पट्ट्या मारून किमान एक सेंटिमीटर पोकळी आणि शेवटी लाकडी पट्ट्या. ती पोकळी वाया गेलेली जागा वाटते, पण लाकूड मागून सुकते ते तिच्यामुळेच. फॉइलचा प्रत्येक जोड एकमेकांवर चढवून ॲल्युमिनियमच्याच टेपने बंद करायचा. साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते. इलेक्ट्रिशियनने दिव्यासाठी पाडलेले भोकही टेपने बंद झाले की नाही, हे पट्ट्या ठोकण्याआधी घरमालकाने स्वतः टॉर्च घेऊन पाहावे. एकदा लाकूड चढले की ते कोणालाच दिसणार नाही. काम सुरू असताना फॉइलच्या टप्प्यावर एक दिवस थांबून तपासणी करा, हा या सगळ्या लेखातला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

कारागीर ओळखीचे साहित्य सुचवतात, आणि इथे ते जवळपास सगळे चुकीचे ठरते. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. पीओपीचे छत, जिप्सम बोर्ड, एमडीएफ, प्लायवूड, लॅमिनेट यांपैकी काहीही आत नको. प्लायवूड आणि एमडीएफमधला डिंक तापला की फॉर्माल्डिहाइड सोडतो. हीटरजवळच्या भिंतीवर पातळ बोर्ड मारून लाकूड वाचवल्याचे समाधान मानू नये, त्यामागे उष्णता कोंडून आग लागू शकते. उत्पादकाने दिलेले सुरक्षित अंतर प्रत्येक बाजूला मोजूनच सोडावे.

लाकडाच्या बाबतीत आपला जीव सागवानात अडकलेला असतो. दारे-खिडक्यांसाठी सागवान उत्तमच, पण बसायच्या बाकासाठी नाही. जड, तेलकट लाकूड उष्णता लवकर अंगाला देते आणि चटका बसतो. सॉनाला हलके, सच्छिद्र पोताचे, गाठी नसलेले लाकूड हवे: बाकासाठी आफ्रिकेतले अबाशी किंवा उत्तरेकडचे ॲस्पेन आणि आल्डर, भिंतीसाठी स्प्रूस किंवा लाल सीडार. सागवानाची घनता यांच्याहून बरीच अधिक भरते. चीडसारख्या राळ असलेल्या लाकडातून गरम चिकट थेंब गळतात. पॉलिश, व्हार्निश, मेलामाइन अजिबात नाही. बाकाला फार तर सॉनासाठीचे पॅराफिन तेल. स्क्रू बाकाच्या खालून मारायचे, म्हणजे धातू अंगाला लागत नाही. किनारपट्टीवर ते स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, खारी हवा बाकीचे फार दिवस टिकू देत नाही.

थंड देशांतल्या पुस्तकांत बाष्प आतून बाहेर जाते एवढेच गृहीत असते. कोकणात आणि मुंबईत ते अर्धेच खरे आहे. चार महिने पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत बाहेरूनही पाणी पीत असते. तिला आतून फॉइल आणि रॉकवूल चिकटवले तर ती सुकणार कुठून? अशी बाहेरची भिंत सॉनासाठी निवडू नये. निवडावीच लागली तर आधी बाहेरचे प्लास्टर आणि भेगा दुरुस्त करून घ्याव्यात आणि सांगाडा भिंतीपासून सोडून उभा करून मागची पोकळी वर-खाली उघडी ठेवावी. पलीकडे एसी लावलेली बेडरूम असेल तर तीही भिंत थंड असते, तिथे फॉइलच्या जोडांची काळजी दुप्पट. आणि वाळवी. परदेशी मऊ लाकडाची बंद, उबदार, अंधारी पेटी तिला फार आवडते. सांगाडा उभारण्याआधी जमिनीलगत आणि भिंतीलगत वाळवीप्रतिबंधक उपचार करून घ्यावेत, सॉनाच्या आतल्या लाकडाला मात्र कोणतेही औषध लावू नये. तापल्यावर ते श्वासात जाईल.

हवा आणि छत

आपल्या खोल्यांची उंची पावणेतीन मीटरच्या आसपास असते. सॉनात इतकी उंची तोट्याची, कारण उष्णता वर जाऊन बसते आणि आपण खाली बसतो. छत २.१ ते २.३ मीटरवर घ्यावे, वरचा बाक छतापासून मीटर-सव्वा मीटर खाली यावा, आणि पाय हीटरच्या दगडांच्या पातळीपेक्षा वर राहावेत, हा फिनिश लोकांचा आग्रह अगदी योग्य आहे. खालच्या बाकावर बसले की डोके तापते आणि पाय गार राहतात. खोटे छत आणि मूळ स्लॅब यांच्यामधली पोकळी बंद करून टाकू नये, तिलाही झरोका द्यावा.

घाम काढायच्या खोलीला हवा लागते हे आपल्या परंपरेलाही नीट ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला जेन्ताक स्वेद म्हणजे स्वतंत्र बांधलेली घामाची कुटी. जागा तळ्याच्या काठी, पाण्यापासून काही हात अंतरावर. कुटी गोल, मातीने लिंपलेली, अनेक झरोक्यांची. भिंतीच्या कडेने दारापर्यंत बसायचा कट्टा. मध्यभागी पुरुषभर उंचीची, भोके असलेली मातीची भट्टी. तीत खैरासारखे लाकूड पेटवायचे आणि ते जळून धूर गेल्यावरच आत जायचे. घाम काढून बाहेर आल्यावर एकदम थंड पाणी घेऊ नये, थोडे थांबून कोमट पाण्याने स्नान करावे, असेही सांगितले आहे. फिनलंडचा धुराचा सॉना आणि ही कुटी यांचा एकमेकांशी संबंध आहे असा दावा मी करणार नाही. पण दोन्हींत जागा, पाणी, झरोके, बाक आणि इंधन यांचा विचार माणूस आत जाण्याआधीच पूर्ण झालेला आहे. घराची तयारी याला म्हणतात.

आजच्या सॉनात खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलावी, असे हीटरचे उत्पादक सांगतात. आपल्या उदाहरणातल्या खोलीसाठी ते तासाला २८ घनमीटर होतात, बाथरूमच्या लहान एक्झॉस्टलाही सहज जमण्यासारखे. प्रश्न जागेचा आहे. यांत्रिक एक्झॉस्ट असेल तर ताजी हवा हीटरच्या वर आणावी, म्हणजे ती तापून पसरते. जाणारी हवा हीटरपासून सर्वांत लांब, जमिनीलगत काढावी. जाण्याचा मार्ग येण्याच्या मार्गाहून मोठा, पाइपचा व्यास दुप्पट. हवा बाथरूममध्येच सोडायची असेल तर दाराखाली दहाएक सेंटिमीटर फट ठेवून तिथला एक्झॉस्ट चालू ठेवायचा. छताजवळ मोठे भोक पाडले की सगळी उष्णता त्यातून निघून जाते आणि हीटर थांबतच नाही. तापमानाच्या सेन्सरजवळ झरोका ठेवला तर सेन्सरला गार वारा लागतो, त्याला खोली थंड वाटते आणि हीटर प्रमाणाबाहेर तापवत राहतो. हवा कोंडलेल्या सॉनात डोके जड होते, त्याला लोक उष्णता सोसत नाही असे समजतात. बहुतेक वेळा तिथे ताजी हवा कमी पडलेली असते.

दार बाहेर उघडणारे आणि ढकलताच उघडणारे हवे. कडी, कुलूप, बोल्ट काहीही नको. चक्कर आलेल्या माणसाला दार ओढावे लागू नये.

फरशी, पाणी, दगड

फरशी लाकडी करू नये. खाली बाथरूमसारखे वॉटरप्रूफिंग, वर न घसरणारी टाइल, दाराकडे उतार, आणि नाहणी ट्रॅप शक्यतो दाराबाहेरच्या बाथरूममध्ये. आतच ट्रॅप बसवला आणि सॉना महिनाभर वापरला नाही तर त्यातले पाणी सुकते आणि गटाराचा वास आत येतो. दगड ऑलिव्हिनयुक्त, सॉनासाठीच विकले जाणारे घ्यावेत. नदीतले गोटे आणू नयेत, आत पाणी मुरलेले दगड तापल्यावर फुटू शकतात. चांगले दगडही झिजतात, दर वर्षी उतरवून पाहावेत. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने दगडांवर आणि कॉइलवर पांढरा थर जमतो, म्हणून पुण्याच्या आसपासच्या टँकर-बोअरवरच्या सोसायट्यांत पळीभर पाणीही फिल्टरचे वापरावे.

बाहेर पडल्यावर थंड व्हायचे कुठे? फिनलंडमध्ये बाल्कनी आहे, तळे आहे, बर्फ आहे. मुंबईत मे महिन्यात बाल्कनीतही घामच येतो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी नळातून गरमच येते. म्हणून किनारपट्टीवर सॉनासोबत पंखा असलेली, बसता येईल एवढी मोकळी जागा आणि सावलीतल्या टाकीचे पाणी यांची सोय नकाशातच धरावी. पुणे, नाशिक, महाबळेश्वरच्या हिवाळ्यात हा प्रश्न आपोआप सुटतो. घाटमाथ्यावरच्या बंगल्यांत सॉनाला खरी जागा आहे, असे मला वाटते.

इमारत आणि शेजारी

फ्लॅटमध्ये आपल्या भिंतीच्या पलीकडे दुसऱ्याचे घर असते. राहत्या इमारतीच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरलेला असतो. दीड बाय दीडची केबिन, हीटर, दगड आणि चार माणसे मिळून ही मर्यादा गाठू शकतात, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. शंभर किलो दगडांचा खांबासारखा हीटर घेण्याआधी तर नक्कीच. बाहेर झुकलेल्या बाल्कनीत सॉना बांधू नये. बाथरूमच्या खोलगट (संक) स्लॅबचे वॉटरप्रूफिंग फोडले की खालच्या घरात गळती आणि सोसायटीत भांडण, त्यामुळे लेखी परवानगी आधी घ्यावी आणि कामाचे फोटो ठेवावेत. उंच इमारतींत एक गोष्ट हमखास विसरली जाते: छतातला फायर स्प्रिंकलर. नेहमीच्या लाल बल्बचा स्प्रिंकलर ६८ अंशांना फुटतो, आणि सॉनाचे छत त्याहून कितीतरी तापते. तो जागीच झाकून टाकणे हा उपाय नाही. फायर कन्सल्टंटकडून अधिक तापमानाचा स्प्रिंकलर बसवून घ्यावा.

अमेरिकेत तळघर असलेल्या मराठी घरांना यातले बरेच सोपे जाते. जागा, पक्की फरशी आणि २४० व्होल्टची सोय बहुधा असते. तिथे स्थानिक परवाना आणि प्रमाणित हीटर या दोन अटी कडक आहेत. तळघराची काँक्रीट भिंत वर्षभर थंड असते, म्हणून बाष्पाचा पडदा तिथे अधिकच जपावा लागतो.

आधी शरीर, मग नकाशा

सॉनाच्या फायद्यांबद्दल बोलताना बहुतेक जण ज्या अभ्यासाचा आधार घेतात, तो पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा. यारी लौक्कानेन आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्यात, आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये एकदाच घेणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने होणारे अचानक मृत्यू बरेच कमी आढळले. निरीक्षण मोलाचे आहे, पण ते लहानपणापासून सॉनात वाढलेल्या पुरुषांचे आहे, आणि त्यातून कारण सिद्ध होत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, अस्थिर अंजायना किंवा महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन असलेल्यांनी सॉना टाळावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे. दारू पिऊन कोणीच जाऊ नये. घरात नातवंडे असतील तर हीटरभोवती लाकडी कठडा पहिल्या दिवसापासून हवा.

फिनलंडच्या लहान फ्लॅटमधले कितीतरी सॉना आज अडगळीच्या खोल्या झाले आहेत. ज्या देशाला सॉना श्वासासारखा आहे तिथे हे होते, तर आपण घरातली दोन-तीन चौरस मीटर जागा देण्याआधी आठवड्यातून किती वेळा बसणार, हे खरेपणाने विचारले पाहिजे. म्हणूनच मला त्यांच्या जुन्या इमारतींची पद्धत आपल्या सोसायट्यांसाठी जास्त जवळची वाटते. तळमजल्यावर एक नीट बांधलेला सॉना, शेजारी शॉवर आणि बसायची जागा, प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास, वापरासाठी लहानसे मासिक शुल्क. वीजजोडणी थ्री-फेजची एकदाच होते, स्लॅबचा प्रश्न उरत नाही, देखभालीचा खर्च वाटला जातो. अनेक क्लबहाउसमध्ये असा सॉना आधीच आहे. तो बंद असेल तर बहुधा कॉइल जळालेली असते, दगड कधीच बदललेले नसतात आणि एक्झॉस्ट झाकलेला असतो. सर्वसाधारण सभेत विषय मांडताना या तीन दुरुस्त्यांचे अंदाजपत्रक, स्वतंत्र सबमीटर आणि पाळ्यांचा तक्ता सोबत नेला तर बोलणे लवकर पुढे सरकते.